बालशिक्षण आणि बालसंगोपनाच्या क्षेत्रात यायचे असेल, तर प्रशिक्षण कोणते घ्यावे?

रानजाई

नमस्कार. मी नाशिकला राहते. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर काही वर्षे एका पतसंस्थेत काम केले. मुलाच्या जन्मानंतर ते सुटले. आता तो दुसरीत गेला आहे आणि पुन्हा नोकरीचा विचार सुरू झाला आहे. आकडेमोडीकडे परतण्यापेक्षा तीन ते सहा वयाच्या मुलांसोबत काम करावे, असे मनाने घेतले आहे. वय तेहतीस आहे, त्यामुळे चार वर्षांची नवी पदवी घेण्याची तयारी नाही. पण रीतसर शिकल्याशिवाय दुसऱ्यांच्या मुलांना हात लावू नये, असेही वाटते.

चौकशी केली तेव्हा गोंधळ वाढला. घराजवळच्या एका पूर्वप्राथमिक साखळीचा स्वतःचा अभ्यासक्रम आहे. तो फक्त शनिवार-रविवारी चालतो आणि शेवटी 'नोकरीची हमी' दिली जाते. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा शिशुसंगोपन व शिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम घरी बसून करता येतो, असे कळले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या मान्यतेची दोन वर्षांची पूर्वप्राथमिक पदविका आहे, आणि माँटेसरी प्रशिक्षण तर वेगळेच जग दिसते. अंगणवाडीत सेविका म्हणून जावे, असाही एक सल्ला मिळाला. यांपैकी कशाने काय साधते, हे या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगावे, ही विनंती.

निवृत्त मुख्यसेविका

रानजाई, अंगणवाडीविषयी मी लिहिते, बाकीचे इतरांनी लिहावे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. म्हणजे लहान मुलांसोबत काम करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांचा राज्यातला सर्वांत मोठा गट इथेच आहे, हे शहरात राहणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. सेविकेसाठी आता बारावी उत्तीर्ण ही किमान पात्रता आहे, वयोमर्यादा सर्वसाधारणपणे १८ ते ३५ आहे, आणि उमेदवार स्थानिक रहिवासी असावी लागते. ही शेवटची अट नीट वाचून घ्या, कारण अनेक अर्ज तिथेच बाद होतात. शहरातही अंगणवाड्या आहेत, त्या नागरी प्रकल्पांत मोडतात.

इथे प्रशिक्षण नेमणुकीनंतर मिळते. आमच्या काळी सुमारे महिनाभराचे निवासी प्रशिक्षण असे. त्यात वजन-उंची घेणे, वाढीचा तक्ता भरणे, गरोदर व स्तनदा मातांच्या गृहभेटी, लसीकरणाच्या दिवशीचे काम, आहाराचा हिशेब हे सगळे येई, आणि पूर्वशालेय शिक्षणाला त्यातला एक तुकडा मिळे. केंद्राने मे २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम सुरू केला आणि सेविकांना खेळातून शिक्षणाचे तीन दिवसांचे प्रशिक्षण देण्याचे ठरवले. दिशा योग्य आहे. पण ज्या सेविकेने कधी चाळीस मुलांचा वर्ग एकटीने सांभाळला आहे, तिला विचारा की तीन दिवसांत काय बदलते. नवीन शैक्षणिक धोरणाने २०२० मध्येच म्हटले होते की बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका द्यावी. तीन दिवस आणि सहा महिने यांत किती अंतर आहे, हे मी वेगळे सांगायला नको.

तरीही एक गोष्ट ठामपणे सांगते. एखाद्या मुलाचे वजन दोन महिने वाढले नाही, की घरात काय चालले असेल याचा अंदाज चांगल्या सेविकेला येतो. हे निरीक्षण शहरातल्या खाजगी अभ्यासक्रमांत मला फारसे दिसले नाही.

चाफेकळी

मी गेली बरीच वर्षे बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

महाराष्ट्रात या प्रशिक्षणाची परंपरा चांगली जुनी आहे आणि ती समजून घेतली, तर आजच्या जाहिराती वाचताना फसायला होत नाही. ताराबाई मोडक गुजरातमधल्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले, तिथेच शिक्षिका घडवण्याचे कामही चालले. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत, हे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्याचा प्रयोग झाला. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून बिया, शिंपले, पाने, खडे, दोरा, माती यांतून साधने उभी राहिली. त्यामागचा माँटेसरीचा विचार मात्र सोडला नाही, तो परिस्थितीत बसवला.

हे सांगण्याचे कारण असे की या परंपरेत प्रशिक्षणार्थीचा दिवस मुलांमध्ये जात असे. सकाळी बालवाडीत उपस्थिती, मुलांचे निरीक्षण, स्वतः घेतलेला छोटा पाठ, आणि दुपारी त्यावर बाईंशी चर्चा. सिद्धांत शिकवला जाई, पण तो सकाळी पाहिलेल्या मुलाच्या निमित्ताने. तीन वर्षांचे मूल पाण्याची बादली भरून ओतून पुन्हा का भरते, याचे उत्तर आधी त्याच्याकडे पाहून शोधायचे आणि मग पुस्तकात पडताळायचे, हा क्रम होता.

आता तुम्ही विचारलेले पर्याय पाहू. दोन वर्षांची मान्यताप्राप्त पूर्वप्राथमिक पदविका ही कागदोपत्री सर्वांत भक्कम आहे. बारावीला पन्नास टक्के गुणांची अट आहे आणि त्यात शाळेतला अनुभव अभ्यासक्रमाचाच भाग असतो. शासकीय निकष पुढे कडक झाले, तर याच प्रमाणपत्राला अडचण येण्याची शक्यता सर्वांत कमी आहे. तुमच्याजवळ असे महाविद्यालय आहे का आणि त्याची मान्यता चालू आहे का, एवढे परिषदेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

इग्नूची पदविका ३२ श्रेयांकांची (क्रेडिटची) आहे, बारावीनंतर करता येते, शुल्क परवडणारे आहे. आरोग्य आणि पोषण, बालसेवांचे आयोजन, सेवा व कार्यक्रम असे विषय आहेत आणि चौथा भाग प्रकल्पकार्याचा आहे, ज्यात मुलांसोबत खेळ व उपक्रम प्रत्यक्ष घ्यावे लागतात. अभ्याससाहित्य मला चांगले वाटते. अडचण अशी की तुम्ही जो उपक्रम घेतला तो कसा झाला, हे पाहणारे कोणी शेजारी नसते. मराठी माध्यमही मिळत नाही, इंग्रजी किंवा हिंदीत करावा लागतो. ज्यांच्याकडे आधीच एखाद्या बालवाडीत उभे राहण्याची सोय आहे, त्यांना हा अभ्यासक्रम उत्तम, इतरांसाठी अर्धवट.

माँटेसरी प्रशिक्षणात आंतरराष्ट्रीय माँटेसरी संघाची पदविका ही वेगळी पातळी आहे. तिथे प्रत्येक साधनाचे सादरीकरण स्वतः करून, त्याच्या नोंदींच्या जाड वह्या हाताने तयार कराव्या लागतात. दट्ट्यापेटी किंवा गुलाबी मनोरा मुलासमोर कोणत्या क्रमाने, किती कमी शब्दांत मांडायचा, याचा सराव पुन्हा पुन्हा होतो. निरीक्षणाचे तास आणि अध्यापनाचे तास सक्तीचे असतात. वेळ आणि पैसा दोन्ही बरेच लागतात. 'माँटेसरी' हे नाव मात्र कोणीही वापरू शकते, त्यामुळे नुसत्या पाटीवरून काही ठरवू नये.

उरला साखळीचा शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम. शनिवारी आणि रविवारी बालवाडीत मुले नसतात. एवढ्यावरून विचार करावा.

हिशेबनीस

चर्चा छान आहे, परंतु कोणीतरी पैशांबद्दलही लिहायला हवे. आयुष्यातल्या पहिल्या सहा वर्षांत मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास होतो, हे धोरणातले वाक्य प्रत्येक बालवाडीच्या पत्रकावर छापलेले असते. ते वाक्य छापणारे मालक त्या मेंदूची जबाबदारी ज्या ताईवर टाकतात, तिला शहरातही घरकामाच्या बरोबरीचे पैसे देतात. अंगणवाडी सेविकेला केंद्राच्या हिश्श्याचे मानधन ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० रुपये आणि मदतनिसाला २,२५० रुपये आहे. राज्य त्यात स्वतःची भर घालते. आणि तो शब्द 'मानधन' आहे, वेतन नव्हे, हे शासनाच्या सोयीचे आहे. डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविकांनी पन्नासहून अधिक दिवस संप केला तो याचसाठी. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा लागू होतो असा निर्णय दिला, तो गुजरातमधल्या सेविकांनी लढलेल्या प्रकरणात.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे: ऐंशी हजार रुपये भरून आठ हजारांची नोकरी मिळत असेल, तर प्रशिक्षण कोणते घ्यावे हा प्रश्न दुसरा ठरतो.

चाफेकळी

हिशेबनीस, आकडे तुम्ही उगाच फुगवलेले नाहीत, अशा नोकऱ्या मी पाहिल्या आहेत. पण दोन गोष्टी जोडते. एक, पगार ठरवताना मालक 'मुलांना सांभाळणारी' आणि 'शिकवणारी' असा फरक करतात, आणि ज्या शिक्षिकेला पाठाचे टाचण, मुलांच्या नोंदी आणि पालकसभा हे तीनही स्वतःच्या बळावर येते तिला दुसऱ्या वर्षी बोलणी करता येतात. शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्रावर येत नाहीत. दोन, नवीन धोरणातल्या ५+३+३+४ या रचनेत तीन ते आठ हा पायाभूत स्तर धरला आहे आणि त्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. पहिली-दुसरीशी हा स्तर जोडला गेल्यामुळे मोठ्या शाळांना त्यासाठी पात्र माणसे शोधावी लागतील. चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक पदवीत पायाभूत स्तराची शाखा त्यासाठीच आहे. हे बदल पगारात कधी उतरतील याचे भाकीत मी करणार नाही.

पाळणाघर चालवणारी

सगळे तीन ते सहा वर्षांविषयी लिहीत आहेत, म्हणून तीन वर्षांखालच्या मुलांबद्दल लिहिते. ठाण्यात मी पाळणाघर चालवते आणि माझ्याकडे सहा महिन्यांपासूनची मुले असतात. बालवाडीचे प्रशिक्षण घेऊन येणाऱ्या मुलींना माझ्याकडे पहिल्या आठवड्यात धक्का बसतो. त्यांना बडबडगीते येतात, कागदकाम येते, फळ्यावर सुंदर चित्र काढता येते. पण बाळाला पाठीवर झोपवायचे असते, पालथे नाही, आणि पाळण्यात उशी-गोधडीचा ढीग ठेवायचा नसतो, हे कोणी शिकवलेले नसते. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकले तर पोटावर दाब द्यायचा नसतो. त्याला हातावर पालथे घेऊन पाठीवर पाच थापट्या आणि मग छातीवर पाच दाब द्यायचे असतात. हे पुस्तकात वाचून येत नाही, बाहुलीवर करून पाहावे लागते. मी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण झाल्याशिवाय कोणालाही बाळांच्या खोलीत एकटीला सोडत नाही.

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटता येते. त्यामुळे कंपन्यांच्या पाळणाघरांत कामे निघू लागली आहेत आणि तिथे बालवाडीपेक्षा बरा पगार मिळतो. बांधकामाच्या जागेवरच्या मजुरांच्या मुलांसाठी १९६९ पासून मोबाइल क्रेशेस या संस्थेने जे काम उभे केले, त्यात तिथल्याच स्त्रियांना घडवले गेले आहे. तीन वर्षांखालच्या मुलांचे काम ज्यांना शिकायचे आहे, त्यांनी ते एकदा जाऊन पाहावे, असे मला वाटते.

आणखी एक. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली तर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. 'आधी मालकांना विचारू' असे म्हणून ते टाळता येत नाही. ज्या प्रशिक्षणात हा विषय एका तासाचाही नाही, तिथले प्रमाणपत्र माझ्यासाठी बिनकामाचे.

मेलबर्नवासी

इथे, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, या क्षेत्रात मराठी बायका बऱ्याच आहेत. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेल्या, भारतातली पदवी इथे लगेच उपयोगी न पडलेल्या अनेकींना हा मार्ग सापडतो, म्हणून इथली पद्धत थोडक्यात सांगते. राष्ट्रीय गुणवत्ता चौकट २०१२ पासून लागू आहे. कामाला लागण्यासाठी किमान 'सर्टिफिकेट थ्री' पूर्ण केलेले किंवा चालू असावे लागते, आणि त्यात १६० तास प्रत्यक्ष केंद्रात काम करणे सक्तीचे आहे. त्यापुढच्या पदविकेसाठी २८० तास. केंद्रातल्या निम्म्या शिक्षकांकडे पदविका असावी किंवा त्यांनी तिचा अभ्यास सुरू केलेला असावा, असा नियम आहे. आमच्या राज्यात तीन वर्षांखालच्या चार मुलांमागे एक आणि तीन वर्षांवरच्या अकरा मुलांमागे एक, हे प्रमाण पाळावे लागते. मुलांसोबत काम करण्याची पोलिस-तपासणी आणि दमा व तीव्र ॲलर्जी यांच्यासह प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र ही अर्थातच पूर्वअट आहे.

हे सगळे ऐकून इथे सर्व आलबेल आहे असे समजू नये. नोंदी लिहिण्याचे काम अफाट आहे: प्रत्येक मुलाचे निरीक्षण लिहायचे, ते राष्ट्रीय आराखड्यातल्या पाच उद्दिष्टांना जोडायचे, त्यावरून पुढचा उपक्रम ठरवायचा. अनेकींना मुलांचे काम जड जात नाही, हे लिखाण जड जाते. पण त्या तासांचा फायदा मोठा असतो, कारण १६० तासांत कोणीतरी अनुभवी बाई तुमच्याकडे सतत पाहत असते. तुम्ही रडणाऱ्या मुलापाशी उभ्या राहून वरून बोलता की खाली बसता, हे ती सांगते.

भारतातला खाजगी अभ्यासक्रम इथे आपोआप मान्य होत नाही. त्याचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. म्हणून परदेशाची आशा दाखवून कोणी शुल्क वाढवत असेल, तर त्या 'आंतरराष्ट्रीय मान्यते'चा कागद मागावा.

बाबा_दोन_मुलींचा

थोडे वेगळे विचारतो. पुरुषांना या प्रशिक्षणात घेतात का? मला हे काम आवडते, पण 'बालवाडीच्या बाई' याखेरीज कोणी दिसत नाही.

चाफेकळी

पूर्वप्राथमिक पदविका आणि इग्नूचा अभ्यासक्रम पुरुषांना खुले आहेत. अंगणवाडीतली पदे मात्र स्त्रियांसाठी आहेत. गिजुभाई वकिली सोडून १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर चालवू लागले होते आणि 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणून ओळखले गेले, तेव्हा पूर्वज आपल्या बाजूने आहेत. नोकरी देताना मालक कचरतात, हेही खरे आहे. मोठ्या शाळांच्या पूर्वप्राथमिक विभागात खेळ, संगीत किंवा मातीकाम यांच्या वाटेने आत जाणारे काही पुरुष मी पाहिले आहेत.

रानजाई

सर्वांचे आभार. दोन वर्षांच्या पदविकेसाठी जवळचे महाविद्यालय सापडले, पण प्रवेशाला अजून काही महिने आहेत. तोवर इग्नूची माहितीपुस्तिका मागवली आहे आणि आमच्या भागातल्या दोन बालवाड्यांनी सकाळी येऊन बसण्याची परवानगी दिली आहे. चाफेकळी, तिथे जाऊन नेमके काय पाहू? नुसते कोपऱ्यात बसून वेळ घालवायचा नाही.

चाफेकळी

एक वही न्या आणि पहिले काही दिवस एका वेळी एकाच मुलाकडे पाहा, पूर्ण वर्गाकडे नको. 'हट्टी आहे', 'हुशार आहे' असे शब्द वहीत लिहू नका. काय दिसले तेवढेच लिहा: मणी ओवताना दोरा कोणत्या हातात होता, किती वेळ बसला, मणी पडल्यावर कोणाकडे पाहिले, नंतर काय केले. बाईंनी मध्ये बोलून त्याचे काम तोडले का, हेही लिहा, पण ते बाईंना दाखवू नका.

मग वर्गाकडे या. तीन ते सहा वयासाठी वीस मुलांमागे एक प्रौढ हे प्रमाण राष्ट्रीय पातळीवर मांडलेले आहे. तिथे प्रत्यक्षात किती आहे ते मोजा. मुलांना उठून खेळाचा कोपरा बदलता येतो का, की सगळ्यांनी एकाच वेळी एकच चित्र रंगवायचे असते? तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन रेघांवरून हात फिरवून घेत असतील, तर नोंद करा. डबा खाण्याच्या वेळी कोण बसते? शी-शूला नेताना मुलाशी कोणी बोलते का? मदतनीस मावशींचा आवाज आणि ताईंचा आवाज यांत फरक पडतो का? माझ्या अनुभवात बालवाडीचा खरा दर्जा डब्याच्या वेळी आणि निरोपाच्या वेळी कळतो, कारण तेव्हा कोणी दाखवण्यासाठी काही करत नसते.

आणि महाविद्यालयात प्रवेशाच्या चौकशीला जाल, तेव्हा प्राचार्यांना दोन प्रश्न विचारा. प्रशिक्षणार्थी मुलांसमोर एकूण किती तास उभी राहते, आणि त्यांपैकी किती तास मार्गदर्शक शिक्षिका वर्गात स्वतः बसलेली असते. पहिल्याचे उत्तर लगेच मिळते. दुसऱ्याचे मिळाले, तर फी भरायला हरकत नाही.